तेलाचा हात

२४ सप्टेंबर १९७०, गुरुवार

मी भाकरी थापतेय आणि समोर ताटाच्या जागी दुकानातून बघायला आणलेले ब्रेकचे लायनर मांडलेले! दोन जोड. एक मऊ, कापडासारख्या विणीचा. दुसरा काळा, गुळगुळीत, कडक. ह्यांनी दोन्ही माझ्यापुढे धरले आणि विचारलं, "मालन, तुला कुठला बरा वाटतो?" जसं काही पातळच निवडायचं आहे.

मी म्हटलं, जो थांबवेल तो.

हसले. म्हणाले, दोन्ही थांबवतात, पण दोघांची तऱ्हा निराळी. मऊ लायनर गार असतानाच पकडतो. रस्त्याला, बाजाराला, मला शाळेत सोडायला झकास. पण गाडी जोरात पळवून पुन्हा पुन्हा दाबला की तापतो, आणि तापला की घसरायला लागतो. कडकाचं उलटं. तो आधी तापावा लागतो, मग धरतो, आणि एकदा धरला की सोडत नाही. शर्यतीला तोच.

म्हणजे पुन्हा शर्यत! अठरा ऑक्टोबरला, पुण्याजवळच्या जुन्या धावपट्टीवर. मला वाटलं होतं, गेल्या वर्षी गळपट्टीचं हाड मोडून घेतल्यावर ते खूळ गेलं. गेलं नव्हतं. दडून बसलं होतं इतकंच.

बरं, फटफटी एकच. तिच्यावरच हे गॅरेजात फिटरकीला जाणार, तिच्यावरच मी शाळेत शिकवायला जाणार, तिच्यावरच आत्याबाई मिरजगावला जाणार – आणि तिच्यावरच शर्यत. एका गाडीला दोन नवरे.

आत्याबाई चुलीपाशीच होत्या. स्वतःच्या मुलाच्या तोंडून 'शर्यत' ऐकलं आणि लाकूड आत सारलं.

२६ सप्टेंबर, शनिवार

शाळा अर्धी. परस्पर ते लायनर घेऊन आम्ही दोघं गनीभाईंच्या दुकानात गेलो. लायनर ठोकायचं नगरातलं जुनं दुकान, माळीवाड्याच्या अंगाला. आत जुने ब्रेक-शू, लायनर ठोकतात त्या कमानी, पेंढ्यांसारखे टांगलेले, आणि जळक्या रबराचा वास.

ह्यांचं आणि गनीभाईंचं ड्रमवरून, चाकातल्या ज्या डब्याला लायनर आतून घासतो त्यावरून, चाललं होतं. जुन्या ड्रमला आतून चरे पडलेत. लेथवर खरवडून घ्यावा तर पत्रा पातळ होतो आणि लवकर तापतो. नवा घ्यावा तर मिळायला पाहिजे. शेवटी नवाच ठरला. गनीभाईंनी तो कुठूनसा पैदा केला होता आणि किंमत सांगताना छताकडे बघत होते. लायनरचं मात्र ते सरळ बोलले. म्हणाले, रस्त्याचा लायनर रस्त्याला घाला, शर्यतीचा शर्यतीला, दोन्हीकडे चालेल असा माझ्याकडे नाही आणि असता तरी मी विकला नसता. कडकाचा हा एकच जोड मुंबईहून आलाय, दुसरा लगेच मागाल तर मिळणार नाही.

मी सहज तो काळा तुकडा उचलला. गनीभाई एकदम म्हणाले, "वैनी, ठेवा तो. हात साबनानं धुतलाय का? त्याला तेलाचं बोट जरी लागलं ना, तर खलास. मग तो लायनर न्हाई, साबनाची वडी समजा."

मी तिथल्या तिथे हात मागे घेतला. सकाळी डोक्याला तेल लावलं होतं.

२९ सप्टेंबर, मंगळवार



नवा ड्रम, कडक लायनर – काल संध्याकाळी चढवले. राहुरीच्या रस्त्याला मोकळं बघून दाबून दाबून बसवून आणले. आल्यावर खूश. म्हणाले, काय धरतो! सकाळी तशाच गाडीवर मला शाळेत सोडायला निघाले. रात्री भुरभुर झालेली, हवा गार. सावेडी सोडून उताराला लागलो आणि पुढे टांगा आडवा आला. ह्यांनी ब्रेक दाबला. काही नाही! दाबला तसे आम्ही पुढेच. टांग्याच्या चाकाला माझा घोटा घासून गेला. घोडं उधळलं, टांगेवाल्यानं आईबहिणीवरून काढलं. आम्ही पुढे विजेच्या खांबापाशी पायाच्या ब्रेकवर कसेबसे थांबलो.

तिथं उभे राहून हे मला समजावून सांगायला लागले. "तसं न्हाई गं, गार हुता म्हणून. दोनचार वेळा दाबला असता तर–" माझा घोटा फुटलाय आणि हे मला लायनरची बाजू सांगतायत!

दुपारी परत मऊ घातले. कडकाचा जोड कागदात गुंडाळून कोनाड्यात ठेवला. आता तो पुण्यालाच चढवायचा, शर्यतीच्या आदल्या दिवशी, तिथं पोचल्यावर. घासून बसवलेलाच आहे, पुन्हा बघायची गरज नाही म्हणाले.

आत्याबाईंनी घोट्याला हळद लावली. लावता लावता जुनं काढलं. सासरे बैलगाडीनं जामखेडच्या पुढे माल न्यायचे. सौताड्याच्या घाटात उतार लागला की चाकाला घासणाऱ्या लाकडी ठोकळ्याची दोरी आत्याबाईंच्या हातात. त्या मागे पाय रोवून बसायच्या. हाताला घट्टे पडलेले मला दाखवले. "बैल म्होरं बघत्यात, मानूस म्होरं बघतो. थांबवनारं मानूस मागंच बसतं," म्हणाल्या.

मीही मागेच बसते. माझ्या हातात दोरी नाही, इतकाच फरक.

१ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसले. आत्याबाईंचे नऊ दिवस उपास. पाणी आणि थोडं दूध.

३ ऑक्टोबर, शनिवार

ह्यांना सरळ विचारलं. जाऊ नका म्हटलं. गेल्या वर्षी तीन महिने डावा हात वर होत नव्हता, आत्याबाईंनी पोरासारखं भरवलं, आठवतं का?

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं. म्हणाले, "गॅरेजात दिसभर दुसऱ्याच्या गाड्यांखाली उताना पडून असतो मी. तिथं मला कुनी फिटर म्हनत न्हाई. नंबर असतो पाठीवर."

नवऱ्याला काय हवंय हे कळलं की भांडायची ताकदच जाते. पण भीती जात नाही. गेल्या वर्षीही असंच हसत गेले होते. वळणावर ब्रेक तापून घसरले आणि हे गाडीसकट शेतात. डॉक्टर म्हणाले होते, चार बोटं इकडे बसलं असतं तर मानच.

४ ऑक्टोबर, रविवार

लिहू की नको? इथे नाही लिहायचं तर कुठे.

दिव्यात तेल घालताना बोट माखलं. कोनाडा समोरच. मनात आलं – एक बोट. गनीभाईंनीच सांगितलंय. लायनर वाया, दुसरा जोड नाही, शर्यत नाही. कुणाला कळणारही नाही.

बोट पदराला पुसलं आणि बाहेर जाऊन बसले. देवीपुढच्या दिव्याशी उभं राहून मी हे मनात आणलं!

९ ऑक्टोबर, शुक्रवार. खंडेनवमी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मिरजगावच्या घरात खंडेनवमीला सगळं लोखंड धुऊन, तेलाचा हात फिरवून पाटावर मांडतात. विळे, खुरपी, फाळ. इथे आमचे पाने, हातोड्या, माझी कातरी. आत्याबाई माजघरात बसून एकेक पुसत होत्या. वाटीत करडईचं तेल, हातात चिंधी. हे मागे गाडी धूत होते. मी झेंडूची फुलं घेऊन आत आले तेव्हा आत्याबाईंच्या हातात कागदाचा पुडा होता. सोडला. कडक लायनर काढले आणि विळ्याला फिरवावा तसा शांतपणे तेलाचा हात फिरवला. दोन्ही बाजूंनी. दोन्ही तुकड्यांना. मग कोरड्या फडक्यानं टिपून हळदकुंकवाचं बोट लावलं आणि पाटावर ठेवले.

माझ्याकडे बघितलं. मी दारातच उभी.

तोंड उघडायचं होतं. 'आत्याबाई, त्याला तेल चालत नाही' – एवढंच. शब्द ओठाशी आले आणि मी फुलं खाली ठेवली. बोलले नाही.

मला जे करायचं होतं ते झालं, आणि माझ्या हातानं झालं नाही. काय बरं वाटलं मला! खरंच बरं वाटलं. नंतर आरतीला देवीकडे न बघताच टाळ्या वाजवल्या.

ह्यांनी पाटाला नमस्कार केला, लायनर उचलून कपाळाला लावले, पुन्हा कागदात बांधले. तेल आत मुरलेलं. वर काही दिसत नव्हतं, आणि तेलाचा वास तर सगळ्या पाटालाच येत होता.

१० ऑक्टोबर, शनिवार. दसरा

ह्यांनी मला सोनं दिलं. म्हणाले, पुढच्या दसऱ्याला खरं देईन. आपट्याची पानं हातात घेऊन मी हसले. जमलं मला हसायला.

मनाशी म्हणते, हे पुडा उघडतील, वास येईल, कळेल. चिडतील, आत्याबाईंना दोन शब्द बोलतील आणि घरी राहतील. एवढंच. कुणाचं काय बिघडतंय!

१२ ऑक्टोबर, सोमवार

पुडा उघडलेला नाही.

मी दोनदा विचारलं, एकदा चढवून बघत का नाही? हे म्हणाले, तूच टांग्याला घासलीस ना, आता नाव काढू नकोस, पुण्यालाच चढवणार. शनिवारी संध्याकाळी पोचणार, अंधार व्हायच्या आत चढवणार, सकाळी शर्यत. तिथे गार असताना न धरणं ठरलेलंच. म्हणजे नाही धरला तरी ह्यांना वाटणार, गार आहे, तापेल, मग धरेल.

हे माझ्या डोक्यात आधी का आलं नाही? तेल लागलेले लायनर घेऊन हे सरळ वळणावर जातील!

१३ ऑक्टोबर, मंगळवार

सांगायला हवं. आज नाही जमलं. आत्याबाई समोर होत्या. ह्यांचा राग मला माहीत आहे. म्हातारीनं नऊ दिवस उपाशी राहून पूजा मांडली आणि मुलाच्या जिवावर उठली, असं ह्यांनी बोलायचं आणि मी ऐकायचं? मला सगळं माहीत असताना?

१४ ऑक्टोबर, बुधवार

आज वर्गात फळ्यावर बेरीज चुकले. पोरं हसली. आत्याबाई माझ्याकडे फार बघतात. जेवताना, दळताना. काय गं, बरं न्हाई का, विचारलं. काही नाही म्हटलं.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं.

मी लावलं म्हणून सांगितलं. खंडेनवमीला पुसायच्या भरात माझ्याच हातून लायनरला तेल लागलं, आणि भीतीनं बोलले नाही. आत्याबाई पलीकडे तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. वर बघितलं नाही, पुन्हा निवडायला लागल्या.

हे उठले, पुडा सोडला, लायनर नाकाशी नेला. मग म्हणाले, "गनीभाईंनी तुझ्यासमोर सांगितलं हुतं. तुझ्या मनातच हुतं ते."

हो म्हणावंसं वाटलं. मनात होतंच. खोटं सांगितलं आणि त्यात पकडली गेले ते खऱ्यावर!

हे न जेवता गनीभाईंकडे गेले. दिवेलागणीला आले. लायनर स्टोव्हवर तापवून बघितले, पॉलिश कागदानं घासले. गनीभाई म्हणाले, वरचं जाईल, आत गेलेलं पुन्हा तापलं की घामासारखं बाहेर येणार. दुसरा जोड दिवाळीच्या सुमाराला.

मला हायसं वाटलं. संपलं एकदाचं.

तर हे म्हणतात, मऊ लायनरवरच जातो.

गेल्या वर्षी ज्याच्यावर पडले त्याच्यावरच! कडक तरी तापल्यावर धरणारे होते. मी ते घालवले आणि ह्यांच्या हातात परत तेच दिलं.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

रडले, पाया पडले. ऐकत नाहीत. बोलतच नाहीत. आत्याबाईंना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. त्या म्हणाल्या, "आता काय सांगू."

१७ ऑक्टोबर, शनिवार

गेले. आत्याबाईंनी हातावर दही घातलं. माझ्याकडे बघून गेले, एवढं खरं. शिरूरपर्यंत रस्ता बरा आहे म्हणतात. रस्त्याची भीती नाहीच मला.

१८ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर आम्ही दोघी ओट्यावर. चूल पेटली नाही. सावेडीत आमच्या पुढे वस्तीच नाही, त्यामुळे रस्त्यावरचं प्रत्येक इंजिन ऐकू येतं. ट्रक. एसटी. पुन्हा ट्रक. मी मनातल्या मनात काय काय कबूल करून टाकलं! हे नीट आले तर सगळं खरं सांगेन. नाही, आत्याबाईंचं सांगणार नाही, माझं सांगेन. दारातून बघितलं, फुलं खाली ठेवली, बोलले नाही, हे सांगेन.

ऊन उतरल्यावर गाडीचा आवाज आला. मला तो झोपेतही ओळखू येतो. आत्याबाई उठल्या आणि पुन्हा बसल्या.

हे धड होते. कोपरापासून मनगटापर्यंत खरचटलेलं, बाकी धड. पाणी मागितलं. मग ओट्यावरच बसून सांगितलं. तिसऱ्या फेरीत ब्रेक असा तापला की लिव्हर मुठीला टेकला. समोर वळण. पायाचा ब्रेक दाबला, गिअर उतरवले, शेवटी गाडी मातीत घातली आणि आडवी केली. कशानं थांबलो ते ठावं न्हाई, म्हणाले. उठून स्वतःच्या हातानं पाठीवरचा नंबर सोडला आणि तिथल्या माणसाकडे दिला.

नंतर माझ्याकडे बघून म्हणाले, "कडक असतं तर फेऱ्या पुऱ्या केल्या असत्या मी. तेलासकट चढवलं असतं तर आज आलो नसतो. तुला काय म्हनावं तेच मला कळंना."

मलाही कळत नाही. कबूल केलेलं तोंडातून आलं नाही. चूल पेटवली आणि पिठलं टाकलं.

१९ ऑक्टोबर, सोमवार

हे गॅरेजात गेले नाहीत. गाडीला मऊ लायनरचाच नवा जोड बसवला. पुढच्या वर्षाचं नाव काढलं नाही. संध्याकाळी मला म्हणाले, उद्या शाळेत सोडतो. एवढं बोलले त्यालाच मी भरून पावले. आता हे आत्याबाईंचं आणि माझं माझ्यापाशीच राहू दे. म्हातारीला कळायला नको की तिच्या भाबड्या हातानं काय झालं असतं.

२० ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी आत्याबाई मागच्या दारी बसून ते कडक लायनर राखेनं घासत होत्या. मी म्हटलं, राहू द्या, त्याचा आता उपयोग नाही.

वर न बघता म्हणाल्या, "ठोकळ्याला तेल लागू द्यायचं न्हाई, हे मला ठावं न्हाई व्हय गं? घाटात जलम गेला माजा."

मग लावलंत कशाला, म्हटलं.

"तुज्या डोळ्यांदेखत लावलं. म्हनलं, तू लगीच सांगशील. तो चिडंल, म्हातारीला अक्कल न्हाई म्हनंल, पन जायाचा न्हाई. तू बोललीच न्हाईस. मला वाटलं आज बोलंल, उद्या बोलंल. रोज तुज्या तोंडाकडं बघत हुते. म्हनलं, हिला नवरा नको हाय का काय."

मग तुम्ही का नाही बोललात, मी विचारलं. त्यांनी लायनर पालथा केला आणि दुसरी बाजू घासायला घेतली.

पुढून ह्यांनी हाक मारली. उशीर होत होता. मी गेले, मागे बसले. ह्यांच्या खांद्यावर हात ठेववला नाही. शाळेपर्यंत सीटची कड धरून बसले.